देवनागचं प्रकरण काढण्याआधी

मराठीतून लाटेकची मार्गदर्शकं लिहिणाऱ्या, अनुवाद करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सर्व स्वयंसेवकांना,



मी पुण्यात अक्षरजुळणीचं काम करते. प्रबंध, गणिताची क्रमिक पुस्तकं, संशोधनपत्रिकांचे अंक, असं सूत्रांनी भरलेलं काम माझ्याकडे येतं. वीस वर्षं झाली, हे सगळं मी लाटेकमध्ये लावते. लाटेक शिकले ती तुमच्यासारख्यांनी रात्री जागून, एक पैसा न घेता लिहिलेल्या पानांवरून. त्या ऋणापोटीच हे लिहिते आहे.

मार्गदर्शकातलं ‘देवनाग’चं प्रकरण काढून टाकायचं, असं तुमच्यात घाटतं आहे. ते आता कुणी वापरत नाही, नवीन मुलं गोंधळतात आणि पान सांभाळायला माणूस नाही, ही तीन कारणं दिली जातात. तिन्हीत तथ्य आहे. तरी प्रकरण काढण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्यावं, एवढी विनंती.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. डोनाल्ड नूथ यांचं टेक १९७८ साली आलं, पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारलं. दोन्ही रोमन लिपीच्या हिशेबाने घडलेली. १९९१ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्टहुइस यांनी टेकसाठी देवनागरीचा टंक घडवला आणि सोबत देवनाग हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तुम्ही मराठी रोमन अक्षरांत टाइप करायचं, देवनाग ते वाचून टेकला कळेल असं करून द्यायचा, आणि कागदावर देवनागरी उमटायची. ‘महाराष्ट्र’ लिहायचं तर एम, ए, एच, दोनदा ए, आर, दोनदा ए, मग टिंब देऊन एस, टिंब देऊन टी, आर, ए. टिंबाशिवाय टी दाबला की ट ऐवजी त. पुढे इतर स्वयंसेवकांनी ते वाढवलं. मुंबई, कलकत्ता आणि नेपाळी अशी अक्षरांची तीन वळणंही त्यात आली. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच आणि देवनागरी तिच्यात होती, पण लाटेकमध्ये सरळ मराठी टाइप करायची सोय व्हायला बराच काळ गेला. तोवर मराठीत गणित नीट छापायचं म्हणजे देवनाग, अशी आमची स्थिती होती. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली.

आता तुमच्या बाजूचं आधी बोलते, कारण ते मला मनापासून पटतं. तीनेक वर्षांपूर्वी पीएचडी करणारी एक मुलगी माझ्याकडे आली. गणिताच्या अध्यापनावरचा प्रबंध, इंग्रजीत, पण त्यात एक अख्खं प्रकरण मराठी मुलाखतींचं. तिने कुठल्याशा जुन्या मार्गदर्शकावरून ते सगळं देवनागमध्ये टाइप केलं होतं. छापून देखणं दिसत होतं. पण पीडीएफमधला एखादा मराठी शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी यायची, कारण त्या जुन्या टंकांना युनिकोडचा पत्ता नाही. म्हणजे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढल्यावर त्या मराठीतला एक शब्दही कुणाला शोधून सापडला नसता, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षर वाचता आलं नसतं. चार महिने तिने टिंबं मोजत टाइप केलं होतं. २००४ साली जोनाथन क्यू यांनी झीटेक आणलं, २००७ पासून ते टेक लाइव्ह या टेकच्या पॅकेजांच्या एकत्रित संचात आहे, त्यात थेट युनिकोड मराठी टाइप करता येते, हे तिला त्या पानाने सांगितलंच नव्हतं. ज्या पानाने एखाद्या विद्यार्थिनीचे चार महिने खाल्ले, ते शिकाऊ माणसाच्या वाटेवर असताच कामा नये. तेव्हा ‘पहिली मराठी फाइल’ या धड्यांमधून देवनाग आजच्या आज काढा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता दुसरी गोष्ट. गेल्या श्रावणात सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले गणिताचे एक सर आणि त्यांचा मुलगा माझ्याकडे आले. सरांना आता नीट दिसत नाही. मुलाच्या हातात एक सीडी होती, तिच्यावर अकरा फायली. ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलांना इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत म्हणून सरांनी त्रिकोणमितीची आणि भूमितीची मराठी टिपणं लिहिली होती, वर्षानुवर्षं सुधारत नेली होती. सगळी देवनागमध्ये. मुलाने फाइल उघडल्यावर त्याला फक्त टिंबं आणि रोमन अक्षरं दिसली आणि सीडी खराब झाली असावी असं त्याला वाटलं.

सीडी शाबूत होती. टेक लाइव्हमध्ये देवनाग आजही येतं, मी चालवलं आणि दुसऱ्या मिनिटाला सरांची टिपणं पडद्यावर होती. पण ती युनिकोडमध्ये आणायची होती, म्हणजे मोबाइलवर वाचता येतील, शोधता येतील. वेल्टहुइसच्या रोमन लेखनातून युनिकोडकडे नेणारा एक तयार नकाशा झीटेकसाठी आहे, तो लावला. आणि सगळ्या शब्दांचे पाय मोडले. त्रिकोणच्या ण चा पाय मोडलेला, वर्तुळच्या ळ चा पाय मोडलेला, भागच्या ग चा पाय मोडलेला. अकरा फायली, प्रत्येक ओळीत पाचसात ठिकाणी.

कारण शोधायला मला अर्धा दिवस लागला. देवनागमध्ये हिंदीची एक रीत होती आणि संस्कृतची एक. काही न सांगता चालवलं तर हिंदीची रीत लागू व्हायची. तिच्यात शब्दाच्या शेवटचा अ टाइप केला नाही तरी चालायचं, देवनाग तो धरून चालायचं. संस्कृतच्या रीतीत मात्र अ नसेल तर अक्षर हलन्त. सरांनी मराठी बोलण्याप्रमाणे शेवटचा अ कुठेच टाइप केला नव्हता, आणि मी लावलेला नकाशा संस्कृतसाठी केलेला होता. एवढंच. हे एक वाक्य ज्या मराठी पानावर मी वीस वर्षांपूर्वी वाचलं होतं, त्याचा पत्ता माझ्या वहीत अजून आहे. पान मात्र आता उघडत नाही. शेवटी टेक लाइव्हच्या पोटात दडलेल्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये ते सापडलं. मला ते कुठे पाहायचं हे माहीत होतं. सरांच्या मुलाला देवनाग हे नावसुद्धा माहीत नव्हतं.

तुमच्या पानावर दोन प्रकारची माणसं येतात. एकाला आज नवीन लिहायचं असतं आणि दुसऱ्याच्या हातात कुणीतरी पूर्वी लिहिलेलं असतं. ‘हे पॅकेज कुणी वापरत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे पहिलाच असतो. दुसरा आकड्यांत दिसत नाही. सरांनी दहाबारा वर्षांत काही डाउनलोड केलं नसेल, कुठे प्रश्न विचारला नसेल. टेक लाइव्ह पूर्ण बसवलं तर पॅकेजं एकगठ्ठाच येतात, त्यामुळे त्यातलं कुठलं किती जण खरोखर वापरतात हे त्या आकड्यांवरून कळायचा मार्ग नाही.

मग ठरवायचं कसं? वयावरून तर मुळीच नाही. खुद्द टेकची आजची आवृत्ती ३.१४१५९२६५३ आहे, २०२१ सालची. दर दुरुस्तीगणिक तिला पाय या संख्येचा एक अंक जोडला जातो, आणि आपल्या पश्चात आवृत्तीचा आकडा पायवर कायमचा थांबेल, पुढे कुणी हात लावायचा नाही, असं नूथ यांनी लिहून ठेवलं आहे. या जगात ‘शेवटचा बदल आठ वर्षांपूर्वी’ याचा अर्थ पुष्कळदा ‘काम पूर्ण झालं’ एवढाच असतो. अशी पॅकेजं मी रोज वापरते आणि ती घड्याळासारखी चालतात.

मी दोन गोष्टी पाहते. पहिली, जुन्या रस्त्याने गेलं तर नुकसान होतं का. समीकरणांच्या रांगेसाठी पूर्वी ‘इक्यूएनअॅरे’ शिकवत. त्यात बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना नको इतकी जागा सुटते, आणि समीकरण लांब असेल तर त्याचा क्रमांक समीकरणावरच छापला जातो. इथे एरर येत नाही, चूक थेट छापील पानावर जाते. असलं काही धड्यात एक दिवसही ठेवू नये. याउलट फायलीच्या माथ्यावरची ‘इनपुटेन्क’ची ओळ घ्या. २०१८ पासून लाटेक मुळातच यूटीएफ-८ धरून चालतं, त्यामुळे ती ओळ लागत नाही. पण असली तरी बिघडत काही नाही. ती काढायला स्वयंसेवकांनी सुट्टीचे दिवस घालवावेत असं मला वाटत नाही.

या ओळीवरून एक आठवलं. जर्मन लाटेककरांनी ‘एलटूटाबू’ नावाची एक पुस्तिका लिहिली. तिच्या जर्मन शीर्षकाचा अर्थ होतो लाटेकमधल्या पापांची नोंदवही. कालबाह्य पॅकेज, त्याचा दोष आणि त्याऐवजी काय वापरायचं, असा तिचा बाज. माझ्या मते अशा लेखनाचा इतका चांगला नमुना दुसरा नाही, आणि मराठीत ती यायला हवी. पण त्याच पुस्तिकेत जर्मन अक्षरांसाठीची जुनी पॅकेजं सोडा आणि इनपुटेन्क वापरा, असा सल्ला आहे. तेव्हा तो बिनचूक होता. आज तोही मागे पडला. जुनं काय हे सांगणारा कागदही जुना होतो, म्हणून त्याच्या माथ्यावर तारीख हवी.

दुसरी गोष्ट, नव्याला जुन्याचं सगळं काम जमतं का. इथे मराठीला कायम जपून पावलं टाकावी लागतात. रोमन लिपीपुरतं काम झालं की ‘झालं’ असं जाहीर होतं, आणि आपला ऱ्य, आपला ळ, आपली जोडाक्षरं मागाहून येतात. झीटेकच्या सुरुवातीच्या काळात मी हौसेने एक अंक त्यात लावायला घेतला. निवडलेल्या टंकात ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ नीट जुळेनात, म्हणून तो अंक मी पुन्हा देवनागमध्ये लावला. त्या वर्षी कुणी देवनागचं प्रकरण काढलं असतं तर ती चूक ठरली असती. आज चांगले मराठी युनिकोड टंक आहेत, शब्द तोडण्याचे मराठी नियम संचात आहेत, पॉलिग्लॉसिया आणि बेबेल या दोन्ही पॅकेजांना मराठी कळते. नव्या लेखनासाठी देवनागची गरज संपली, असं मी आता निःशंकपणे म्हणते.

आणि हे देवनागपाशी थांबणारही नाही. अंध वाचकांना वाचता येतील अशा पीडीएफचं मोठं काम लाटेक प्रकल्पाची मंडळी करत आहेत, आणि त्यासाठी त्यांची शिफारस लुआलाटेक या लाटेकच्या दुसऱ्या इंजिनाला आहे. २०२० च्या टेक लाइव्हपासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ आलं आणि त्यात देवनागरी जुळवण्याची चांगली सोय झाली. म्हणजे आज ज्या झीलाटेकच्या, म्हणजे झीटेकवर चालणाऱ्या लाटेकच्या, धड्याचा आपल्याला अभिमान आहे, तोही काही वर्षांनी याच रांगेत उभा राहील. तेव्हा देवनागबद्दल आता जी रीत पाडाल ती पुढच्या प्रत्येक वेळी लागू होईल. माझा आग्रह त्यासाठी आहे.

पान काढून टाकल्याने जुनी सवय मरत नाही, हे मी आणखी एका ठिकाणी पाहिलं आहे. आमच्या शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्याने सीनियरच्या जर्नलवरून पीएचपीचा कोड उतरवला, आणि ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ असं काही फंक्शनच नाही, असा एरर आला. बरोबरच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७.० आलं, तेव्हाच ते काढलं गेलं. मुलाने फंक्शनचं नाव शोधलं तर पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमधलं त्याचं पान उघडलं. ते अजून आहे. माथ्यावर ठळक चौकट: ५.५ पासून वापरू नका असं सांगितलं, ७.० मध्ये काढलं, त्याऐवजी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरा. पाच मिनिटांत त्याचं काम झालं. ते पान पुसलं असतं तर त्या नावावर त्याला जुन्या धड्यांचे ढीग सापडले असते, आणि त्यातल्या एकानेही ‘थांब’ म्हटलं नसतं.

पायथॉनवाल्यांनी तर ही गोष्ट फार नेमकी केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मधून त्यांनी १९ जुनी मोड्यूल्स काढली. २०२२ साली ३.११ पासूनच सूचना लावली होती, म्हणजे दोन वर्षं दिली. काढल्यानंतरही ‘सीजीआय’ मोड्यूलच्या जुन्या पत्त्यावर गेलात तर चार ओळींचं पान मिळतं: हे आता नाही, कधी काढलं, कोणत्या ठरावाने काढलं, शेवटचं कोणत्या आवृत्तीत होतं. सोबत बाहेर कुणी सांभाळत असलेल्या प्रतीचा दुवा. सविस्तर माहिती जुन्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये जागच्या जागी आहे.

लाटेकचा कोडही असाच वागतो. २०१५ पासून ‘लाटेकरिलीज’ पॅकेज आहे. फायलीच्या माथ्यावर एक तारीख लिहिली की लाटेकचा गाभा त्या तारखेला होता तसा वागतो. टेक लाइव्हचे १९९६ पासूनचे संच जपून ठेवलेले आहेत. कोड इतक्या निगुतीने मागे जाऊ शकतो, तर त्याची माहितीही त्याच्यासोबत मागे जाता यायला हवी.

मराठीत हे जास्त निकडीचं आहे. इंग्रजी पान एका रात्रीत बदलतं. त्याचा मराठी अनुवाद कुणाला तरी वेळ मिळेल तेव्हा होतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लाटेकचे धडे भारतीय भाषांत दिले, मराठीतही. ते काम फार मोलाचं आहे. पण आवाज भरलेला धडा बदलायचा तर संहिता पुन्हा लिहा, तपासा, पुन्हा आवाज द्या. शिवाय कॉलेजच्या लॅबमध्ये तुमच्या पानांच्या झेरॉक्स प्रती वर्षानुवर्षं फिरतात. अशा झेरॉक्सवर ‘जून २०१९, टेक लाइव्ह २०१९ वर तपासलं’ एवढी ओळ असली तरी मुलाला शंका घेता येते. तारीख नसेल तर त्याला ते आजचंच वाटतं. माझ्या त्या विद्यार्थिनीला असंच वाटलं होतं.

म्हणून माझं मागणं असं. धड्यांतून देवनाग काढा, पण वर्ष सुरू असताना नको. जूनमध्ये मुलं नवीन धडे उघडतात, तेव्हा बदल एप्रिल-मेमध्ये करा आणि त्याआधी एक वर्ष माथ्यावर सूचना लावून ठेवा. पान त्याच पत्त्यावर राहू द्या, दुवे तुटू देऊ नका. आणि त्यावर अशी काही चौकट घाला:

‘देवनाग. नवीन लेखनासाठी वापरू नये, कारण तयार होणाऱ्या पीडीएफमधली मराठी शोधता येत नाही. नवीन लेखनासाठी लुआलाटेकचा धडा पाहा. तुमच्याकडे टिंबं आणि रोमन अक्षरांनी भरलेली, डीएन या नावाने संपणारी फाइल असेल तर ती खराब झालेली नाही, ती मराठी आहे. ती वाचण्याची आणि युनिकोडमध्ये आणण्याची रीत खाली दिली आहे.’

‘ती खराब झालेली नाही, ती मराठी आहे’ हे वाक्य कृपा करून गाळू नका. सरांच्या मुलाने ती सीडी टाकून द्यायला काढली होती.

राहिला प्रश्न पान सांभाळण्याचा. जे पॅकेज बदलणार नाही त्याचं पानही फारसं बदलावं लागत नाही. दर वर्षी नवं टेक लाइव्ह आलं की एक नमुना फाइल देवनागमधून काढून पाहायची आणि तारीख पुढे सरकवायची. हे काम मी घ्यायला तयार आहे, माझं नाव त्या पानावर घाला.

सरांच्या अकरा फायलींपैकी सात युनिकोडमध्ये आल्या आहेत. शेवटच्या अ साठी आणि ळ साठी मी नकाशात बदल केले, सगळ्या अक्षरांचा एक तक्ताही केला आहे. तक्ता, बदललेला नकाशा आणि सरांच्या परवानगीने त्रिकोणमितीचं पहिलं प्रकरण नमुना म्हणून या पत्रासोबत जोडते आहे. तक्त्यातली ङ आणि ञ ची ओळ एकदा कुणीतरी तपासा, सरांच्या टिपणांत ती अक्षरं आलीच नाहीत.

आपली,
पुण्यातली एक अक्षरजुळणीकार